राणी छाप रुपयाचा दाखला

माझा साडू दादाभाऊ हा अवसरी बुद्रुकचा वायरमन. खांबावर चढताना त्याला भीती वाटत नाही, तुटलेली तार जोडताना त्याचा हात कापत नाही. पण छापील कागदावर गोल शिक्का दिसला की हा माणूस विरघळलाच. त्याच्या या एका खोडीपायी मी सात वर्षं डोकं फोडून घेतलं. मंचरला स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं, त्यामुळे त्याची सगळी पत्रं, सगळे फोन आणि सगळा मनस्ताप माझ्याच काउंटरवरून गेला.

सुरुवात झाली सत्त्याण्णव साली. दादाभाऊचं घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. त्याचा आजा राघू याने लोकर विकून आलेल्या पैशांतला एक चांदीचा राणी छाप रुपया जपून ठेवला होता. सून माप ओलांडून घरात आली तेव्हा त्याने तो तिच्या हातावर ठेवला. ती सून म्हणजे दादाभाऊची आई, ठकूबाई. तिने तो रुपया कधी मोडला नाही. देवघरात टाकांच्या शेजारी ठेवून पन्नास वर्षं त्याला हळदकुंकू वाहिलं. त्या वर्षी दिवाळीच्या आधी देवाचे टाक उजळायला एका सराफाकडे नेले, त्यांच्यासोबत रुपयाही गेला. सराफाने तो फरशीवर आपटला आणि म्हणाला, "बद्द वाजतोय. खोटा दिसतोय."

बोलून तो मोकळा झाला. इकडे ठकूबाईने घरी येताच रुपया देवघरातून काढला आणि गव्हाच्या डब्यात टाकला. खोटी वस्तू देवापुढे ठेवायची नाही म्हणून. पण तिला खरं डाचत होतं ते वेगळंच. दादाभाऊ जेवायला बसला की ती विचारायची, "मामंजींनी मला खोटा रुपया दिला व्हता का रं?"

आता यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? दुसरा सराफ गाठला असता. दादाभाऊने छंद लावून घेतला! खरं-खोटं कळायचं तर नाणी हाताळली पाहिजेत, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. मग काय, बोरी बुद्रुकला मेव्हण्याकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी त्यांचं देवघर बघणार. अवसरीत कुणाचा फ्यूज उडाला तर घरातले अंधारात उभे, आणि वायरमन त्यांच्याच बॅटरीच्या उजेडात त्यांच्या कुलदेवतेजवळची शिवराई निरखतोय. लोक माझ्या दुकानात येऊन तक्रार करायचे. जसा काही मीच वीज मंडळाचा इंजिनिअर!

त्यातच त्याला गेणभाऊ भेटला. हा नारायणगावच्या बाजारात सतरंजी टाकून जुनी नाणी विकायचा आणि प्रत्येक नाण्याबरोबर 'तज्ज्ञ परीक्षण प्रमाणपत्र' द्यायचा. सोनेरी किनार, गोल शिक्का, खाली तिरकी सही. दादाभाऊने चौदा नाणी घेतली आणि चौदा प्रमाणपत्रं लॅमिनेट करायला माझ्याकडे आणली. मी मशीनमध्ये पहिलं घातलं आणि थबकलो. ते प्रमाणपत्र मी आधी पाहिलं होतं. शंभर पाहिली होती. गेणभाऊच महिन्यापूर्वी सोनेरी किनारीचे कोरे कागद घेऊन आला होता आणि माझ्याकडून त्यांवर शंभर प्रती काढून घेऊन गेला होता. त्यावर 'अस्सल, उत्तम ग्रेड' हे शब्द आणि सही आधीच छापलेली, फक्त नाण्याच्या नावाची जागा कोरी.

"दादाभाऊ," मी म्हणालो, "नाणं बघायच्या आधीच सही झालीय यावर."

"पावणं, तज्ज्ञ लई बिझी असत्यात. सह्या करून ठिवत्यात."

मी कपाळावर हात मारला. पण आईचा रुपया तो याच गेणभाऊला दाखवणार होता, म्हणून गप्प बसता येईना. त्याच आठवड्यात आम्ही बायकापोरं घेऊन लेण्याद्रीला गेलो होतो. पायथ्याला एका टपरीवर शोभेचे राणी छाप रुपये विकायला होते, पांढऱ्या हलक्या धातूचे, पोरांना खेळायला. विकणारी बाई स्वतःच सांगत होती की खेळण्यातलं आहे. मी एक घेतला आणि दादाभाऊच्या हातात दिला. "हा दाखव गेणभाऊला. म्हण, आजाचा आहे."

पुढच्या बाजाराला त्याने तो दाखवला. गेणभाऊने भिंग लावलं, उलटापालटा केला, मान हलवली. अस्सल, उत्तम ग्रेड. लगेच सोनेरी किनारीचा कागद. दादाभाऊ तो कागद घेऊन माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि त्याने तो स्वतःच्या हाताने माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसलं सुटतोय! आता तो जाहिराती वाचायला लागला. एका पेपरात पत्ता मिळाला: 'जुन्या नाण्यांची पारख करून योग्य भावात खरेदी करू.' त्याने रुपयाची झेरॉक्स पाठवली. हो, झेरॉक्स! राणी त्यात काळ्या डागासारखी दिसत होती. पंधरा दिवसांत उत्तर आलं: नाणं साधारण आहे, ग्रेड हलका आहे, तरी आम्ही ते विकत घेऊ, पोस्टाने पाठवा. दादाभाऊ पाकीट शोधायला लागला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. "अरे, जो विकत घेणार तोच हलका म्हणणार ना! त्याचा फायदाच त्यात आहे! आणि काळ्या कागदावरनं त्याला ग्रेड कळला कसा?" दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. दादाभाऊ शांतपणे म्हणाला, "तुमी रागावता लई, राव."

दोन हजार तीन साली पुण्याला नाण्यांचं प्रदर्शन भरलं. त्याने मला ओढून नेलं. तिथे एका टेबलामागे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. नाणी मांडलेली, पण विकायची घाई नाही. दादाभाऊने त्यांना सगळं रामायण ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, "पारख करणारा स्वतः नाण्यांची खरेदी-विक्री करत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. त्याने आजवर किती जणांना नाही म्हटलंय ते विचारा. चूक झाली तर भरून देतो का, तेही विचारा. आणि पहिल्यांदा त्याला तुमचं चांगलं नाणं देऊच नका. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असं नाणं द्या."

पाच वर्षांपूर्वी मी लेण्याद्रीच्या रुपयावर हेच केलं होतं. पण माझ्याकडे शिक्का नव्हता ना! परतीच्या एस्टीत दादाभाऊ हे मलाच समजावून सांगत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्या गृहस्थांनी मुंबईतल्या एका संस्थेचा पत्ता दिला होता. ती फक्त पारख करायची, खरेदी-विक्री नाही. दादाभाऊने फोन करून सगळे प्रश्न विचारले, मग तोच खेळण्यातला रुपया रजिस्टर पोस्टाने पाठवला. सव्वा महिन्याने उत्तर आलं: 'नकली. वजन व धातू जुळत नाही.' आणि फी घेतल्याची पावती. दादाभाऊने माझ्या दुकानात पेढे वाटले! गिऱ्हाइकं विचारायची, कशाचे पेढे? तो छाती फुगवून सांगायचा, "नाणं खोटं निघालं." मी काउंटरखाली वाकून कागद शोधल्यासारखं करत राहिलो.

आता आईचा रुपया पाठवायचा. पोस्टात जायचा दिवस ठरला आणि नेमकी आदल्या रात्री वादळात तार तुटली. दादाभाऊ पहाटेच खांबांवर गेला. रुपया घ्यायला मी अवसरीला गेलो. ठकूबाईने कापसात गुंडाळलेली पुडी माझ्या हातात दिली. मी उघडून बघितलं. रुपया लखलखत होता. राणीच्या केसांवर उजेड खेळत होता.

"चिंच लावली, मग बारीक राखेनं घासला," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या सायबापुढं जायचं. कळकट कसा धाडायचा?"

आणि मी, सात वर्षं दुसऱ्याला अक्कल शिकवणारा मी, काय म्हणालो? "झकास झालाय, मावशी." म्हणालो आणि स्वतःच्या हाताने पोस्टात टाकून आलो.

रुपया परत आला तो दोन हजार चारच्या दिवाळीच्या तोंडावर, प्लास्टिकच्या सीलबंद डबीत. सोबत कागद. त्यावर लिहिलं होतं: 'अस्सल. वजन, धातू व छाप योग्य. मात्र पृष्ठभाग घासून स्वच्छ केल्याने ग्रेड देता येत नाही.' दादाभाऊने तो कागद माझ्या ओट्यावर बसून तीन वेळा वाचला. नाणी जमवणाऱ्यांत ग्रेड नसलेल्या नाण्याला कुणी विचारत नाही, हे त्याला आता पक्कं ठाऊक झालं होतं. मी त्याला चिंचेचं सांगितलं. माझंही सांगितलं. "असू द्या, पावणं," तो म्हणाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही दोघे अवसरीला त्याच्या घरी गेलो. दादाभाऊने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "अस्सल," एवढं वाचून त्याने श्वास घेतला, तोवर ठकूबाईने त्याच्या हातातली डबी काढून घेतली होती. पुढचं तिने ऐकलंच नाही.

"काढ ह्यातनं," ती म्हणाली.

"आये, डबी फोडली तर दाखला रद्द व्हतो. सात वर्सं..."

"देवाला हळदकुंकू काय प्लाष्टिकवर वाहू?"

दादाभाऊने माझ्याकडे बघितलं. मग त्याने कमरेच्या पट्ट्याची पक्कड काढली, जिने तो तारा कापायचा, आणि डबीची कड धरून दाबली. प्लास्टिक कडकन फुटलं. ठकूबाईने रुपया तळहातावर घेतला, देवघरात त्याच्या जुन्या जागी ठेवला, कुंकवाचं बोट लावलं आणि कपाळ पाटाला टेकवलं.

"मामंजी," ती म्हणाली, "सात वर्सं मी तुमास्नी खोटं समजले. माफी करा."

दादाभाऊ खाली बसून डबीचे तुकडे वेचत होता. ते खिशात टाकून झाल्यावर त्याने तो कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"पावणं, ह्याची एक झेरॉक्स काढा," तो डोळे पुसत म्हणाला. "सराफाला नेऊन द्यायचीय."