उजवी कळी

कळ्या लावून झाल्या की ते दोन पावलं मागे सरत आणि दोन्ही हात पाठीशी बांधत. "माझे हात मागं हायेत. बराबर पाहून घ्या," असं म्हणत आणि मगच डोळे मिटत.

ते आमच्या गावच्या रेणुकाईचे गुरव, मी शाळेचा मास्तर. भोकरदनकडच्या आमच्या भागात अडलेला माणूस देवीला कौल लावी. शेंदूर फासलेल्या पाषाणावर उजवी-डावीकडे ओल्या शेंदराचा एकेक ठिपका द्यायचा, त्यावर कण्हेरीची एकेक कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

एकदा पाटील बैलासाठी कौल लावायला आले आणि उजव्या कळीवर हळूच फुंकर घालू लागले.

"पाटील, आईला उकडून न्हाई राह्यलं," गुरवबाबा डोळे न उघडताच म्हणाले.

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. आपल्या हातून आईचा शब्द बदलेल, या धास्तीत त्यांचा जन्म चालला होता. कौल असला की ते उपाशी राहत. दोन्ही ठिपके सारखे आहेत ना, हे ते निरखून पाहत. असा भक्त तुम्हीही कुठे पाहिला असेल.

निजामी राज्याच्या शेवटच्या श्रावणात आसपासची गावं पेटू लागली. हद्दीपलीकडचं वऱ्हाड अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. पण पिकं उभी होती. पाटील अडून बसले. "आईला इचारा. ती जा म्हणली तरच गाव हलंल."

सगळं गाव देवळात जमलं. दक्षिणेला धूर दिसत होता. लेकरंसुद्धा रडत नव्हती. बाबांनी डावा ठिपका दिला. मग बोट उजवीकडे टेकवलं. मी खांबाजवळ होतो. ते बोट कोरडं होतं.

"माझे हात मागं हायेत," ते म्हणाले. "पाहून घ्या" मात्र म्हणाले नाहीत.

उजवी कळी लगेच पडली.

दुपारपर्यंत गाड्या जुंपल्या गेल्या. मी देवळात गेलो. ते समईत तेल घालत होते, निम्मं बाहेर सांडत होतं.

"बाबा, चला आमच्यासंगं."

"मास्तर, तुम्ही पाह्यलं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आईच्या तोंडून मी बोल्लो. आता तिच्याकडं पाह्यची हिंमत होऊन न्हाई राह्यली."

"पण लेकरं वाचतील, बाबा."

"म्हून तर केलं. पण तिला न इचारता मी कसा येऊ? तुम्ही जल्दी निघा. उजवी पडली, की आलोच तुमच्या मागं."

वऱ्हाडात आम्ही रोज वाटेकडे पाहत राहिलो. पाटील तर हद्दीपर्यंत जाऊन बसत.

घटस्थापनेच्या आधी आम्ही परतलो. घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. देवळाचं दार जळालं होतं. समई आडवी पडली होती. बाबा कुठेच नव्हते. त्यांचं काय झालं, हे सांगणारंही कुणी नव्हतं.

मी गाभाऱ्यात वाकलो. डावी कळी खाली पडून सुकली होती. उजवी अजून पाषाणाला चिकटलेली होती. दोन्ही ठिपके मी पुन्हा पुन्हा पाहिले. ते अगदी सारखे होते.