मी डॉक्टरांना दोनच महिने सांगितले

सुरतच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि खुर्ची पुढे ओढली.

"पित्ताशयात खडे होतेच. पण त्यांच्याआड गाठही निघाली. न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा."

म्हणजे मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर हार्मोन सोडणाऱ्या पेशींचा कर्करोग. फुफ्फुसात, आतड्यात तो सापडतो. पित्ताशयात फारच क्वचित.

"यांना दुखत होतं कधीपासून?"

"दोन महिने," मी म्हणालो.

शेजारी माझी बायको सुनंदा बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खरे महिने आठ होते. विसरवाडीला माझं मेडिकल दुकान आहे. उजव्या बरगडीखाली हात दाबून ती म्हणायची, "आठे दुखस," म्हणजे इथे दुखतं. मी गॅसची गोळी द्यायचो. नंदुरबारला दाखवून येऊ, असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी म्हणालो, "दुकान कोण पाहील?" परकं गिऱ्हाईक त्याच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा आलं, तर मी त्याला डॉक्टरकडे पाठवतो.

उलट्या आणि ताप थांबेनात, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. मग ऑपरेशन, मग हा रिपोर्ट.

पुढे पेट स्कॅन केला. कर्करोग शरीरात कुठवर गेलाय ते त्यात उजळून दिसतं. यकृतावर दोन ठिपके होते. दर तीन आठवड्यांनी तीन दिवस केमोथेरपी सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली. ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

तिसऱ्या केमोच्या वेळी आम्ही बाकावर नंबराची वाट बघत होतो. ती म्हणाली, "खरं सांगी टाका ना आते. माले तव्हयच समजनं व्हतं, तुम्ही घाबरी गयात."

मी आत गेलो आणि सांगितलं. डॉक्टरांनी 'दोन' खोडून 'आठ' लिहिलं.

"लवकर आला असतात, तर गाठ पित्ताशयापुरतीच सापडली असती?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "कदाचित. कदाचित नाहीही. हा आजार झपाट्याने पसरतो. औषधाने गाठी आकसतात, पण बऱ्याचदा परत येतात. पूर्ण बरं होईल, असा शब्द मी देणार नाही."

मला शिक्षा हवी होती किंवा सुटका. दोन्ही मिळाल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "माले माफ करशी ना?"

"आज नही," ती म्हणाली. "आज चहा पाजा."

सहा केमो झाल्या. ठिपके लहान झालेत, गेलेले नाहीत. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी आहे.

तुमच्या घरी कोणी पोटावर हात ठेवून बसत असेल, तर त्यांना तपासायला न्या. आणि दुखणं कधी सुरू झालं, ते त्यांना स्वतःला सांगू द्या.

सुनंदाने मला अजून माफ केलेलं नाही. पण तपासणीला जाताना ती म्हणते, "चला." डॉक्टरांसमोर तीच बोलते. मी फाइल धरून शेजारी बसतो आणि ऐकतो. ती मला तिथे बसू देते, हे तिचे उपकार आहेत.