पलंगातला गहू

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत ती बाई कधी पाऊल टाकायची नाही. डबा नंबराला लावायची आणि नाकाला पदर धरून रस्त्यापलीकडं उभी राहायची. कुणाच्या दळणाला औषधाचा वास आला की तिथंही खोकून बेजार व्हायची. मला वाटायचं, बाई भलतीच नखरेल.

एकदा मी डबा घेऊन तिच्याजवळून गेले, तशी ती मागं सरली.

"ताई, गव्हात गोळ्या टाकल्यासा व्हय?"

"हो. वर्षाचा गहू आहे. कीड लागते."

"ठेवलासा कुठं?"

"पलंगाच्या पेटीत."

"वर कोण झोपतंय?"

"मुलगी."

तिच्या हातातला पदर सुटला. "आमचा बी पलंगातच हुता. वासानं मी खोकत उठलो. कुशीतलं लेकरू उठलंच न्हाई."

तिनं मला ढकललंच. "बघतायसा काय! पोरीला भायेर काढा आदी!"

डबा तिथंच टाकून मी पळत सुटले. सकाळपासून खोकत होती म्हणून मुलीला शाळेला पाठवलं नव्हतं. गार वारं लागू नये म्हणून खिडक्या लावून, त्याच पलंगावर निजवून आले होते.