पांढऱ्या पावलांवरचा कॅमेरा

व्हिडिओसरांनी कुणाला 'हसा' म्हणून फोटो काढल्याचं मला आठवत नाही. गॅदरिंगला मुली साड्या नेसून त्यांच्यापुढे उभ्या राहायच्या, तर सर कॅमेरा पोटाशी धरून म्हणायचे, "माणसांचे फोटो काढणारे लई हायत. मला माझी गटारं बघू द्या." धाराशिवच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते पर्यावरण अभियांत्रिकी शिकवायचे, तेही कंत्राटावर. दर जूनला नेमणुकीचा नवा आदेश हातात पडेपर्यंत ते प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर दिसायचे.

पुस्तकात सांडपाण्याचा धडा चार आकृत्यांत उरकलेला होता. सर तो पडद्यावर दाखवायचे, म्हणून ते आमचे व्हिडिओसर. पहिल्याच तासाला त्यांनी एक व्हिडिओ लावला. पाइपातून फेसाळ पाणी बाहेर येतं, चरातून ओढ्याला मिळतं, आणि ओढ्याकाठच्या विहिरीवर एक बाई पोहऱ्यातल्या पाण्याचा वास घेऊन ते ओतून देते. "वळखलं का?" सरांनी विचारलं. "तुमच्या हॉस्टेलचं हाय. सकाळच्या आंघोळीचं." त्या दुपारी मेसमध्ये ताट धुताना आम्ही मुली नळ अर्धाच सोडत होतो.

खरं तर हॉस्टेलमागे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. फीत कापून उद्घाटन झालेलं, पाटी लावलेली, आणि त्यानंतर मोटार कधी सुरूच न झालेलं. टाकीच्या कठड्याजवळ सरांनी ऑइलपेंटने दोन पांढरी पावलं रंगवली होती. दर महिन्याला आमच्यापैकी एकाने त्या पावलांवर उभं राहून टाकीचं चित्रीकरण करायचं. माझी पाळी आली तेव्हा मी जरा पुढे सरकले, तर सर वैतागले. "टाच मिळव गं! तू हाललीस तर टाकी हालली आसं दिसंल." मग महिन्या-महिन्याच्या त्या चित्रफिती ते वर्गात ओळीने लावायचे. मागच्या कडुलिंबाची पानं झडायची, पुन्हा फुटायची, टाकी मात्र कोरडी. एका फितीत तर तिच्या तळाशी कुत्रं निवांत झोपलेलं होतं.

या हट्टाचं मूळ त्यांच्या गावात, सास्तूरमध्ये होतं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी पोर होते. "लई फोटोवाले आले," ते एकदा सांगत होते. "पडल्या भिंतीपुढं आमाला उभं केलं, फोटो काढला, गेले. पुढं काय झालं ते बघाया कुणी परत आलं न्हाय. म्हनून सांगतो, एका फोटोवर इस्वास ठिवू नका. त्याच जाग्यावर परत जावा." एवढं बोलून ते प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागले.

आमच्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. प्राचार्यांनी सरांना बोलावून केंद्राची छानशी फिल्म करायला सांगितली. समिती येणार त्या सकाळी टँकरने टाकी भरली, मोटार चालू केली, पाण्यात बुडबुडे उठले. सरांनी त्याच पावलांवर उभं राहून तेही टिपलं आणि आधीच्या सगळ्या फितींच्या शेवटी जोडलं. मी घाबरून म्हणाले, "सर, जून तोंडावर आलाय. कशाला नादी लागता?" त्यांचा चेहरा अगदी खुलला होता. "आगं, आलेली मानसं इंजिनिअर हायत. नुसतं बघितलं तरी त्यांला कळंल. एकदा का त्यांनी इचारलं, की मोटार रोज चालंल. त्या बाईची हीर नितळ व्हईल."

समितीने ती फिल्म सगळी पाहिली. कुत्रं दिसलं तेव्हा एक साहेब हसलेही. मोटारीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट अहवालात डिजिटल माध्यमातून शिकवण्याच्या अभिनव पद्धतीबद्दल कॉलेजचं कौतुक झालं. मोटार त्याच संध्याकाळी बंद झाली, आणि जूनमध्ये सरांना आदेश मिळाला नाही. ज्या शिकवण्यावर कॉलेजने शाबासकी घेतली, ते शिकवणाऱ्याला गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं नाही. त्यांच्या सगळ्या फिती विभागाच्या संगणकात राहिल्या. मला समितीची आणि कॉलेजची, दोघांचीही अजून चीड येते.

परवा माझ्या मावसबहिणीने प्रवेशासाठी त्याच कॉलेजची जाहिरात मोबाइलवर दाखवली. 'आमचा हरित परिसर', मागे बासरी, आणि पडद्यावर भरलेली टाकी, बुडबुडे, हिरवागार लिंब. समिती आली त्या सकाळची ती फ्रेम मी लगेच ओळखली. कठड्यावर कॅमेरा धरलेल्या सरांची सावलीही होती.

मी तो व्हिडिओ घेऊन सास्तूरला गेले. सर आता शेती बघतात. कॅमेरा भाच्याला देऊन टाकलाय. अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं, तिथेच बसून त्यांनी माझा मोबाइल उन्हाआड धरला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"टाच बराबर हाय," ते म्हणाले. पुन्हा एकदा लावायला सांगितला. बासरी संपली तरी ते पडद्याकडेच बघत होते, अजून काहीतरी यायचं बाकी असल्यासारखे.

"आन् आधीचे?" त्यांनी विचारलं. "आधीचे सगळे कुठं गेले गं?"