न दिलेला निरोप

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत आहे. भात टाकण्याआधी घरची बाई तांदळातून एक मूठ बाजूला काढते, डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करते आणि ती मूठ वेगळ्या डब्यात टाकते. रविवारी सगळ्यांचे डबे उपासनेच्या खोलीत येतात आणि एका गोणीत रिकामे होतात. पूर्वी ते तांदूळ पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरी जायचे. आता पाळक महाडला राहत नाहीत, महिन्यातून दोनदा येतात. म्हणून तांदूळ गरिबांना वाटायचे असं ठरलं आणि वाटपाचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त शिक्षक, मंडळीतला वडील म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, सदरा नेहमी इस्त्रीचा. असली कामं माझ्याकडेच यायची आणि मला ती आवडायची.

महाडच्या एसटी स्टँडवर एक माणूस बसायचा. साठीच्या आसपासचा, एक पाय अधू. उपासना संपली की मी शेरभर तांदूळ पिशवीत बांधून त्याच्याकडे जायचो. त्याला डोळे मिटायला सांगायचो, गाडीची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने प्रार्थना करायचो आणि पिशवी त्याच्या हातात ठेवायचो. तो ती कपाळाला लावायचा. "बरं, गुर्जी." एवढंच बोलायचा. असं सहा वर्षं चाललं. त्या दिवशी घरचं जेवण मला जरा जास्तच गोड लागायचं. खरं तेच लिहायला बसलोय, म्हणून तेही लिहितो.

मग सिस्टरबाई आल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, विधवा, मूलबाळ नाही. उपासनेच्या खोलीमागची एक खोली मंडळीने त्यांना राहायला दिली. खोलीला मागे छोटी पडवी होती. पहिल्याच रविवारी त्या माझ्याबरोबर स्टँडवर आल्या. माझी प्रार्थना झाली, पिशवी देऊन झाली. मी निघणार तोच बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"भाऊ, हे शिजवता कुठं?"

तो हसला. सहा वर्षांत मी त्याचे दात पाहिले नव्हते.

"शिजवतोय कुठला, बाय? माझ्याकडं ना चूल ना टोप. चहावाल्याला देतो. तो मला दोन दिस चहा-पाव देतो."

"आणि तो काय करतो?"

"त्याची बायको शिव्या घालत शिजवते. धा घरचा तांदूळ एकात. एक शिजतो तवर दुसऱ्याचं पीठ होतंय."

दोघंही खळखळून हसली. मी उभाच. ज्याला चूल नाही अशा माणसाला मी सहा वर्षं कच्चे तांदूळ देत होतो. प्रभूने रस्त्याकडेच्या आंधळ्याला बरं करण्याआधी त्याला काय हवं ते विचारलं होतं, आणि त्या प्रसंगावर मी स्वतः दोनदा उपदेश केला होता. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा वाटला तो राग. मला नाही सांगितलं, तिला का सांगितलं?

तिथून ते सुरू झालं. बाई त्याचे तांदूळ स्वतः शिजवू लागल्या. तो दुपारी पडवीत येऊन जेवायचा. पाऊस लागल्यावर तिथंच झोपू लागला. त्याचं नाव मंडळीला प्रथम बाईंकडून कळलं. तो मुंबईत एका खानावळीत कणीक मळायचा, हेही त्यांच्याकडूनच. "बाय, आज चपात्या चामड्यासारख्या झाल्यात. उठा, मी मळतो," असं तो त्यांना म्हणायचा, आणि बाई खरंच उठायच्या. रविवारच्या गोणीतले तांदूळ तो जाडे, बारीक असे निवडून वेगळे करू लागला. बायका त्याच्याभोवती बसून गप्पा मारायच्या. मी गेलो की मात्र तो उठून उभा राहायचा, हात कपाळाला न्यायचा आणि गप्प व्हायचा. तो मान मला नको होता. त्याने माझ्यावरही एकदा तसं हक्काने खेकसावं असं मला वाटायचं.

घरीही तेच. बायको म्हणाली, "माणसाशी बोलावं तर सिस्टरबाईंनी."

"मग मी सहा वर्षं जात होतो ते काय?"

"जायचात हो. पण पोस्टमनसारखे जायचात."

एका रविवारी पाळकांनी उपदेशात बाईंचा दाखला दिला. मी पुढच्याच बाकावर बसलो होतो. तांदूळ वाटणाऱ्याचा उल्लेख आता येईल, मग येईल, म्हणून शेवटच्या आमेनपर्यंत थांबलो. आला नाही. त्या दिवशी पुढचं गीत मी फक्त ओठ हलवून म्हटलं.

मग मंडळीच्या बैठकीत मीच विषय काढला. एकटी बाई, पडवीत परका माणूस झोपतो, चौकशी नको का करायला? सगळ्यांना पटलं. जबाबदार माणसाने बोलावं तसंच ते बोलणं होतं. पण पोलादपूरच्या गाडीत बसल्यावर माझ्या मनात एकच होतं, त्याचं काहीतरी वाईट सापडावं. चोरी, दारू, काहीही. त्याला प्रार्थना म्हणायची तर म्हणा.

त्याची वाडी उमरठच्या बाजूला, वर डोंगरात. पोलादपूरहून जीपने गेलो आणि पुढे तासभर चढलो. दहा-बारा घरं, निम्म्यांना कुलपं, माणसं मुंबईला. एका अंगणात एक बाई शेळ्यांना पाला टाकत होती. मी महाडचा शिक्षक, असं सांगून त्याचं नाव घेतलं तशी तिने पाला खाली ठेवला. ती त्याची वहिनी होती, थोरल्या भावाची बायको.

"जिता हाय?"

"आहे. महाडला स्टँडवर असतो."

"मागून खातो?"

"हो," मी म्हणालो. तो 'हो' म्हणताना मला थोडं बरं वाटलं होतं.

ती उंबऱ्यावर बसली. "मीच घालवला त्याला. माझा मालक गेला त्याच सालात हा मुंबईसून पाय मोडून आला. घरात खाणारी तोंडं सात. एक दिस माझ्या तोंडातून निघालं, आयतं गिळायला आला म्हणून. जेवत होता तो. ताट तसंच सारलं आन उठला. मागं बघलं पन नाय."

"दारू वगैरे? काही चोरीबिरी?"

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "गुर्जी, पोलिसातनं आलाव का? अवो, सुपारीचं खांड तोंडात टाकीत नाय तो."

तिने मला ताक दिलं. मी निघालो तेव्हा वाडीच्या कडेपर्यंत सोडायला आली.

"त्याला येवढं सांगा, गुर्जी. वयनी चुकली म्हणावं. पोरं आता कमावती झालीत. गोठ्याच्या अंगची खोली रिकामी हाय. ये म्हणावं. सांगाल ना?"

"सांगतो."

"आजच सांगा हां."

मी सांगणार होतो. उतरताना शब्दही जुळवले होते. तो रडेल, माझे पाय धरेल, बाई तोंडात बोट घालतील, पुढच्या उपदेशात माझा दाखला येईल. संध्याकाळी सरळ पडवीत गेलो. त्याचा अधू पाय स्टुलावर होता आणि बाई त्याला तेल चोळत होत्या. कशावरून तरी दोघं हसत होती. मला बघून त्याने पाय खाली ओढला, उठून उभा राहिला आणि हसणं थांबलं. मला दिसलं ते एवढंच, की मी आलो आणि हसणं थांबलं. निरोप मी आणला असला तरी त्याचा आनंद तो आधी तिच्याकडेच वळून सांगणार होता.

"काही नाही, सहज आलो होतो," म्हणालो आणि घरी गेलो.

उद्या सांगू म्हटलं. उद्याही तो तिच्याशीच बोलत होता.

रविवारी उपासनेनंतर कोणीतरी विचारलं, "गुरुजी, चौकशीचं काय झालं?"

मी मान खाली घातली. "जाऊन आलो. सगळ्यांसमोर न बोललेलं बरं."

एवढंच बोललो. यात एकही शब्द खोटा नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. बाकीचं इतरांनी भरलं. दुपारपर्यंत तो दारुडा झाला होता, दुसऱ्या दिवशी त्याने कोणाच्या तरी सुनेचा हात धरला होता. मंडळीच्या जागेत बाहेरच्या माणसाने झोपायचं नाही असा ठराव झाला. ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

बाई माझ्या दारात आल्या. "गुरुजी, तिथं काय कळलं? मला सांगा. मी चाळीस वर्षं नर्स होते, मला ऐकवणार नाही असं काही उरलेलं नाही."

"सोडा बाई. तुमच्याच भल्यासाठी आहे."

त्यांनी त्याच्यासाठी भाड्याची खोली शोधली. ठरावाची गोष्ट तोवर गावभर झाली होती, कोणी खोली दिली नाही. चार दिवसांनी तो गेला. स्टँडवरही दिसेना. बाई पोलादपूरच्या स्टँडवर बघून आल्या, आंबेनळीच्या रस्त्याच्या चहाच्या टपऱ्या पालथ्या घातल्या. त्याच्या वाडीकडे मात्र त्या गेल्या नाहीत. माझ्या बोलण्यावरून तिथलं दार बंद असणार असंच त्यांनी धरलं होतं. वर्ष संपण्याआधी त्या मंडळीची खोली सोडून पोलादपूरला भाचीकडे राहायला गेल्या. आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

याला सात वर्षं झाली. मधल्या काळात बायको गेली. माझं वय आता एक्याऐंशी. गेल्या महिन्यात मी पोलादपूरला बाईंकडे गेलो. भाचीच्या घराच्या ओट्यावर बाई एका अनोळखी बाईच्या केसांतला गुंता सोडवत होत्या. स्टँडवर राहणारी, मनाने बिघडलेली बाई. ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून निवांत बसली होती. ते बघून माझ्या पोटात पुन्हा तीच आग उठली. एक्याऐंशी वर्षांचा झालो, कबुली द्यायला आलो, आणि तरी उठली.

मी सगळं सांगितलं. बाईंचा कंगवा थांबला नाही.

"तुम्ही वाडीत गेला होतात हे त्याला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"तिकडचा एक दूधवाला स्टँडवर भेटला होता. म्हणाला, तुझ्या वहिनीकडे गुरुजी येऊन गेले. काय बोलणं झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग हा तुमची वाट बघत बसला. त्या दिवसांत तुम्ही आलात की उठून उभा राहायचा ना? मी म्हणायचे, विचार ना. तो म्हणायचा, इचारायचं कशाला, गुर्जी सांगतील. शेवटच्या दिवशी म्हणाला, गुर्जी सांगत नायत म्हंजे वयनीनं नको म्हटलं असंल. त्यांना बिचाऱ्यांना सांगवत नाय."

मी माफी मागितली.

"माझ्याकडे काय मागता? मला राहायला भाचीचं घर मिळालं. त्याच्या वहिनीला जाऊन सांगा."

या खेपेला वाडीपर्यंत कच्ची सडक झाली होती, रिक्षा वर गेली. वहिनी अंगणात बसली होती, नजर अधू झालेली. मी कोण ते सांगितलं.

"महाडचं गुर्जी! मंग? सांगितलंत ना त्याला तवा?"

खरं सांगतो, त्या क्षणीही सुटायला वाट होती. 'सांगितलं होतं' म्हटलं असतं तर तिने मान हलवली असती आणि ताक दिलं असतं.

"नाही सांगितलं," मी म्हणालो. "मी सांगितलंच नाही."

तिला समजायला वेळ लागला. "म्हंजे त्याला ठावंच नाय?"

"नाही."

"आन मी हितं सात वर्सं त्याच्यावर फुगून बसलेय. येवढं चुकली म्हणून सांगितलं तरी येत नाय, मानी मेला." तिचा आवाज चढला आणि मध्येच बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्यासाठीच आलो होतो. पण ती माझ्याशी बोललीच नाही. घराकडे तोंड करून तिने सुनेला हाक मारली.

"गो, गोठ्याच्या अंगच्या खोलीत फाटी भरलीत ना, ती काढ सारी. भाईर काढ."

सून दोन-दोन मोळ्या उचलून बाहेर टाकू लागली. मी उठून हात लावायला गेलो.

"तुमी नको," वहिनी म्हणाली. "तुमी त्याला बघा."

गेल्या रविवारी मी हे सगळं मंडळीत उभं राहून सांगितलं. उपासना सुटल्यावर चार जणांनी माझा हात धरला. या वयात एवढं मोठं मन लागतं, म्हणाले. मला ते आवडलं, आणि म्हणूनच हे लिहून काढतो आहे, कागद कोणाचा हात धरत नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मान खाली घालण्यावरून मंडळीत आणि गावात जे समजलं गेलं, त्यातलं काहीही खरं नव्हतं. मी महाड, पोलादपूर, वरंधच्या रस्त्याची देवळं, धर्मशाळा बघतो आहे. माझे पाय किती दिवस चालतील ते माहीत नाही. तो तुमच्यापैकी कोणाला भेटला तर मला बोलवायला धावू नका. तिथंच त्याच्यासमोर बसा आणि सांगा: वहिनी चुकली म्हणते. खोली रिकामी आहे. ये.