कडकबाईंची जपणूक

इस्त्रीच्या दुकानातल्या बाईंना सगळा रस्ता कडकबाई म्हणायचा. अर्धं नाव कॉलरींमुळे पडलेलं, अर्धं तोंडामुळे. शर्टासाठी कुणी फारच मागे लागलं तर म्हणायच्या, "घाई असेल तर चुरगळलेलाच घाला, तोंडाला शोभतोय."

त्यांची एकुलती लेक सातव्या महिन्यातच जन्मली होती. तेव्हा त्या दिवसभर उभ्या राहून कोळशाची इस्त्री ओढायच्या. त्या इस्त्रीनंच पोर अवेळी बाहेर काढली, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. तशा त्या स्वतःही आठव्या महिन्यातल्या आणि धाकट्या बहिणीची दोन्ही पोरंही आधीच आलेली. त्यावर घरात हसण्यापलीकडे काही झालं नाही. "आपल्याकडच्यांना दमच निघत नाही," एवढंच.

लेकीला दिवस गेले तशी त्यांनी तिला माहेरी आणली आणि दुकानामागच्या खोलीत पलंगावर बसवली. बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, इस्त्रीच्या टेबलाजवळ तर फिरकायचंही नाही.

"आई, पाणी तरी माझं मला घेऊ दे."

"तहान लागली की हाक मार."

"आणि शिंक आली तर?"

"ती पण बसूनच दे."

एवढं करूनही सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाला नळी लावली. जावई काचेबाहेर नुसता उभा.

डॉक्टरीणबाईंनी कडकबाईंना बाजूला घेऊन घराण्यात आधी असं कुणाचं झालंय का, ते विचारलं. यांनी सगळं सांगितलं, इस्त्रीसकट.

"इस्त्रीचं मनातून काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला एकच एक कारण नसतं. पण तुम्ही, तुमची बहीण, तुमची लेक... तुमच्याकडे हे रक्तातूनच चालत आलेलं दिसतंय."

"मी तिला पलंगावरून उतरू दिलं नाही."

"नुसतं पडून राहून हे थांबत नाही, बाई."

"मग काय करायला हवं होतं?"

"तुमच्या हातात नव्हतं ते."

"आणि आता हिचं?" त्यांनी पेटीकडे बोट केलं.

"प्रयत्न चालू आहेत. बघू."

कडकबाई लेकीच्या खाटेपाशी येऊन बसल्या. इतकी वर्षं दोष उराशी धरला होता, कारण त्याला उपाय होता. इस्त्री लांब ठेवायची, बादली लांब ठेवायची. रक्त कुठं ठेवणार?

लेकीनं डोळे उघडले. "आई, एक सांगू? तू दुकानात होतीस ना, तेव्हा मी स्टुलावर चढले. माळ्यावरची बॅग काढायला."

कडकबाई ताठ झाल्या. त्यांच्या अंगात एकदम जीव आला. "कधी?"

"तू गिऱ्हाइकाशी भांडत होतीस तेव्हा."

"कधी ते विचारतेय. कळांच्या आधी?"

"नंतर. दवाखान्यात न्यायचे कपडे भरायला."

कडकबाईंचे खांदे पुन्हा खाली आले.

"रागाव की," लेक म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असणार."

"नाही गं. तुझं काही नाही चुकलं."

"मग असं का झालं?"

सगळ्या रस्त्याला शब्दाला शब्द देणाऱ्या बाईंनी लेकीचा हात हातात घेतला. पलीकडच्या खोलीत बाळाच्या पेटीचं यंत्र वाजायला लागलं. नर्स घाईनं आत गेली आणि तिच्यामागं दार बंद झालं.