कडूबाईची पळती

गारखेड्यात आज आमची सोसायटी आहे तिथं शहाऐंशी साली नुसतं माळरान होतं. आखलेले प्लॉट, हद्दीचे दगड आणि एका कडेला मुंजाबा धनगराचा मेंढवाडा. त्याची लेक कडूबाई माझ्या वर्गात होती. आधीची दोन लेकरं गेली म्हणून हिचं नाव असं ठेवलेलं.

शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन मी, पण खरा खेळ तिचा. पळतीला उतरली की खांबापाशी अशी गर्रकन वळायची की मागची मुलगी तोंडघशी पडायची. "मेंढरू वळवावं तसंच हाय ते," म्हणायची, "आधी त्याची मान बघायची."

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठच्या चाऱ्याला, निघालेला मुंजाबा पोरीच्या हट्टापायी थांबला होता. "जिल्ह्याचा सामना जिंकली तर मावशीपाशी ठिवतो, शीक. नसता चल मेंढरामागं."

अंतिम सामन्याला मैदानावर मारायला पाणी कुठलं! पोरी पळाल्या की धुळीचे लोट उठत. शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणानं पुढं. आमच्या तुकडीतली कडूबाई एकटी उरलेली. समोरच्या संघातली एक उंच मुलगी तिच्या मागं सुटली आणि खांबापाशी दोघी धुळीत दिसेनाशा झाल्या. पंचांची शिट्टी वाजली नाही. मी मात्र त्या खांबाला लागूनच कडेला बसले होते, मला दिसलं, त्या मुलीची बोटं कडूबाईच्या खांद्याला लागली होती. मी गप्प बसले.

कडूबाई थांबली, हात वर केला. "लागला. बाद हाय मी."

गुण सारखे झाले. पुढच्या तुकडीत मी उतरले. त्याच उंच मुलीनं मला दुसऱ्या वळणावर गाठलं. एका गुणानं हरलो.

"तुला कुणी विचारलं होतं का?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "पंचांना दिसलंच नव्हतं!"

"धूळ पंचाच्या डोळ्यात गेली व्हती, योगिनी. माझ्या नाय."

दुसऱ्या दिवशी मेंढवाड्याच्या जागी फक्त लेंड्या होत्या.

मी बीए झाले, लग्न होऊन गारखेड्यातच राहिले. कडूबाईनं घालवलेल्या सामन्याची गोष्ट नवऱ्याला सांगितली, मुलांना सांगितली. शेवटी बाद कोण झालं, तेवढं दर वेळी गाळत आले.

गेल्या वर्षी वेरूळहून परतताना दौलताबादला सीताफळं घ्यायला गाडी थांबवली. टोपलीमागची बाई माझ्याकडं बघतच राहिली.

"योगिनी ना गं तू? लई फुगलीस की!"

तिनं बसायला पोतं टाकलं. लेकाचं लग्न झालं, मेंढरं विकून जमिनीचा तुकडा घेतला, सगळं सांगितलं. मी विचारलं, "शाळा सुटली, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. गंगथडीपर्यंत रडत गेले. बाप म्हणला, चूप बस, मेंढरं बुजत्यात."

दोघी हसलो. मग मला राहवलं नाही. "कडू, तो सामना तू नाही घालवलास. मी घालवला."

"तू?" ती क्षणभर आठवत राहिली. "अगं, त्या उंच पोरीला कोण चुकवणार! काय पळायची! मला शिवली ना, तवा तिनं डावा पाय टाकलाच नव्हता, एका पायावरच वळली व्हती. थांब, दावते."

आणि रस्त्याकडेला चप्पल काढून, पदर खोचून, पन्नाशीच्या कडूबाईनं त्या मुलीचं वळण मला दोनदा करून दाखवलं.